एकेचाळीस सेकंद, दोन पंचमांश

माझ्या तबकडीवरचा लांब काटा एकेचाळीस सेकंद आणि दोन पंचमांश या खुणेवर उभा आहे. माझ्यात एका सेकंदाचे पाच भाग केलेले आहेत, म्हणून इतके नेमके सांगता येते. खालच्या छोट्या तबकडीत मिनिटे मोजणारा काटा सत्तावीस आणि अठ्ठावीसच्या मधे आहे. काच स्वच्छ आहे, कारण ती रोज पुसली जाते. चावी मात्र चार वर्षांत कोणी दिलेली नाही.

मित्रांनो, मी एक जुने स्टॉपवॉच आहे, शर्यतीचे घड्याळ. वेळ किती झाली हे मला विचारू नका, ते मला कधीच कळले नाही. कोणी निघाल्यापासून पोचेपर्यंत किती वेळ लागला, तेवढेच मला सांगता येते.

माझा जन्म स्वित्झर्लंडमधला. तिथून बोटीने मुंबईला आलो आणि महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सदाशिवरावांच्या हाती पडलो. पहाटे घोड्यांचा सराव चाले तेव्हा प्रत्येक घोड्याला किती वेळ लागला, हे टिपण्याचे काम त्यांचे होते. जवळच समुद्र. भरतीच्या वेळी वाऱ्याला खारट वास येई आणि माझ्या काचेवर मिठाचा पातळ पापुद्रा धरे. सदाशिवराव तो धोतराच्या सोग्याने पुसत आणि मगच बटण दाबत. एकदा दाबले की मी धावू लागे, पुन्हा दाबले की थांबे, तिसऱ्यांदा दाबले की माझे काटे शून्यावर परत येत.

त्यांची छोटी मुलगी सुनेत्रा कधीकधी कठड्याजवळ उभी असे. ते तिला म्हणत, "कानावर विसंबायचं नाही, बाळ. निशाण पडलेलं डोळ्यांनी बघायचं. आवाज मागाहून येतो."

अशी सत्तावीस वर्षे मी त्यांच्या तळहातावर काढली. "सदाशिवचं घड्याळ बोललं म्हणजे बोललं," असे जॉकी म्हणत. तेव्हा मला वाटे, आपले आयुष्य असेच खाऱ्या वाऱ्यात, टापांच्या आवाजात सरणार.

पण सदाशिवराव निवृत्त झाले, त्यांची पत्नी वारली आणि ते मला कोटाच्या आतल्या खिशात घालून चंदीगडला मुलीकडे राहायला आले. सुनेत्रा तिथल्या वैद्यकीय संस्थेत शरीरशास्त्रावर संशोधन करीत होती. तिचा नवरा हेरंब विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवीत असे. चौदा सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये ती दोघे आणि त्यांची लहानगी लीना राहत होती. लीनाला मराठी सगळे कळे, पण तोंडातून हिंदीच येई.

त्या घरात मला पुन्हा काम मिळाले. दर रविवारी सकाळी हेरंब सायकलवरून सुखना तलावापर्यंत जाऊन येई आणि फाटकात उभी राहून लीना माझे बटण दाबी.

"लीनाराणी, दाब!" हेरंब पायडल मारता मारता ओरडे.

"पापा, पिछली बार से जल्दी आना, हाँ!"

तो घामाघूम होऊन परतला की सदाशिवराव माझ्याकडे पाहून मान हलवीत. "बावन्न मिनिटं? जावईबापू, एवढ्यात आमचा म्हातारा घोडा समुद्र बघून, आंघोळ करून परत आला असता."

"मग त्यालाच मुलगी द्यायची होती, बाबा."

"विचारलं होतं. तो नाही म्हणाला."

लीना खिदळे. सुनेत्रा आतून म्हणे, "पोहे गार होताहेत. घोड्यांनाही सांगा."

सदाशिवरावांनी लीनाला आपल्या धंद्यातला नियम शिकवला होता. ज्याने बटण दाबले त्यानेच थांबवायचे, दुसऱ्याने हात लावायचा नाही. आणि घोडा वाटेत पडला तरी घड्याळ थांबवायचे नाही, चालू ठेवायचे आणि वाट पाहायची. लीनाने समुद्र कधी पाहिला नव्हता. आजोबा तिला तलावाच्या काठी उभे करून सांगत, "हे बघ, इथं कठडा, तिथं शेवटचा खांब, आणि त्याच्या मागं समुद्र." दरवर्षी मुंबईला जायचे ठरे आणि दरवर्षी काहीतरी आडवे येई. कधी संचारबंदी, कधी गाड्या रद्द, कधी सुनेत्रालाच इतक्या लांबचा प्रवास नको वाटे. त्या वर्षी, म्हणजे १९८७ साली, हेरंबने डिसेंबरची तिकिटे काढूनच आणली.

नोव्हेंबरातली गोष्ट. लीना तेव्हा आठ वर्षांची होती. प्रात्यक्षिक परीक्षा घ्यायला हेरंबला पतियाळ्याला जायचे होते. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे झाली होती. धुके होते. लीना स्वेटरवर शाल गुंडाळून फाटकात आली.

"आज तो बस से जा रहे हो. टाइम कैसे गिनूँ?"

"तसाच मोज. बसनं जाणार, बसनं येणार. विक्रम होतो की नाही बघ."

सदाशिवरावांनी मला शेवटपर्यंत चावी दिली आणि नातीच्या हातात ठेवले. "भरपूर दिलीय. ही संपायच्या आत तुझा बाप दारात."

लीनाने बटण दाबले. मी धावू लागलो.

मित्रांनो, मी त्या दिवशी एकदाही चुकलो नाही, हे तुम्हाला सांगायला हवे. मी चौदा वेळा अर्ध्या तासाचा फेरा पुरा केला. पंधराव्यात सत्तावीस मिनिटे, एकेचाळीस सेकंद आणि दोन पंचमांश झाल्यावर माझी चावी संपली. तेव्हा दुपारचे दीड वाजून गेले होते. दारात कोणी आले नव्हते. बातमी त्यानंतर अर्ध्या तासाने आली. वाटेत अतिरेक्यांनी बस अडवली होती. काही उतारूंना खाली उतरवून गोळ्या घातल्या होत्या. त्यात हेरंब होता.

सुनेत्रा शास्त्र शिकलेली. तिने पुढे एका कागदावर आकडे मांडले. बस सव्वासातला अडवली असे पोलिसांनी सांगितले होते. म्हणजे तेव्हा मी तिसऱ्या फेऱ्यात होतो. त्यानंतरचे सहा तास मी कोणासाठी धावलो, हा प्रश्न तिने कागदावर लिहिला नाही. ती नुसती माझ्याकडे बघत बसली. आवाज मागाहून येतो, हे तिला लहानपणापासून ठाऊक होते.

लीनाने मला कपाटात ठेवू दिले नाही. मी तिच्या अभ्यासाच्या टेबलावर असे. काही दिवसांनी सदाशिवरावांनी माझ्याकडे हात नेला तशी ती म्हणाली, "आजोबा, बटन मैंने दबाया था." त्यांनी हात मागे घेतला. त्यांना काही बोलायचे होते. पण ते उठून अंगणात गेले.

पुढच्या वर्षी सुनेत्रा मला बावीस सेक्टरमधल्या गुरबचनसिंग घड्याळजींकडे घेऊन गेली. आतल्या चाकांना गंज चढेल अशी तिला भीती होती. त्यांनी डोळ्याला भिंग लावून मला उघडले.

"मशीन बिलकुल ठीक है, बीबीजी. चाबी देवाँ? जित्थे रुकी सी, उत्थों ही चल पवेगी."

हे खरे होते. चावी दिली असती तर मी एकेचाळीस सेकंदांच्या पुढे धावू लागलो असतो, जणू मधे काही घडलेच नाही. सुनेत्राने माझ्यावर हात ठेवला आणि मोडक्या हिंदीत दोन वाक्यांत सारे सांगितले. घड्याळजींनी भिंग काढले. त्यांच्या पाठीमागे एका तरुण सरदाराचा फोटो होता आणि त्यावरचा हार ताजा होता. त्या दिवसांत कोणी कोणाला विचारीत नसे. त्यांनी मला नुसते तेल दिले आणि झाकण लावले. पैशांना हात लावला नाही. "जदों कुड़ी आप कहे, तदों," एवढेच म्हणाले. मुलगी स्वतः सांगेल, तेव्हा.

पण मुलगी काही सांगत नव्हती. रोज संध्याकाळी ती माझी काच पुसे. फाटकाची कडी वाजली की तिचे बोट माझ्या बटणावर जाई. दूधवाला असे, पोस्टमन असे. बोट खाली येई. ती नवव्या, दहाव्या, अकराव्या, बाराव्या वाढदिवसाच्या मेणबत्त्या विझवीपर्यंत हे चालले. सुनेत्रा तिला काही बोलत नसे, कारण पोरीला दुखेल. लीना आईला काही बोलत नसे, कारण आईला दुखेल. आणि म्हातारा दोघींच्या मधे बसून आपले रिकामे तळहात बघे.

मित्रांनो, यंत्राला तेल न दिल्याने ते बिघडते, हे तुम्हाला शाळेत सांगतात. मी तुम्हाला आणखी एक सांगतो. ज्याला वाट बघायला बसवाल त्याला नियम पुरा सांगा. अर्धा नियम शिकवून माणसाला फाटकात उभे करू नका. गंज मला लागला नाही, तो त्या घराला लागला.

हेरंब गेल्यानंतरच्या चौथ्या हिवाळ्यात, शाळेला सुट्टी लागल्यावर, सदाशिवराव अचानक म्हणाले, "मला एकदा समुद्राकडचा कठडा बघायचाय. पोरीला दाखवायचाय." सुनेत्राने या वेळी कारण शोधले नाही.

म्हणून आज मी पुन्हा इथे आहे, महालक्ष्मीला, लीनाच्या मुठीत. पहाट आहे. वाऱ्याला तोच वास आहे आणि माझ्या काचेवर तोच पापुद्रा धरतो आहे. कठडा अगदी आजोबांनी सांगितला होता तसा आहे, फक्त समुद्र तलावाएवढा नाही. तो संपतच नाही. लीना बराच वेळ तिकडेच बघत राहिली.

सदाशिवरावांच्या हाताखाली शिकलेले कृष्णकांत आता इथे वेळ टिपतात. त्यांनी गुरूच्या पायाला हात लावला आणि लीनाच्या मुठीकडे पाहून हसले. "अरे, हा म्हातारा अजून आहे? आणि हे काय, मधेच उभा? कुठला घोडा राहिला, सदूभाऊ?"

सुनेत्राने बापाचा दंड धरला.

लीनाने विचारले, "अंकल, घोड़ा गिर जाए तो घड़ी बंद नहीं करते ना?"

"नाही करत. वाट बघायची."

"और आए ही नहीं तो?"

कृष्णकांतांनी आश्चर्याने आपल्या गुरूकडे पाहिले. "हे शिकवलं नाही तुम्ही हिला? मला तर पहिल्याच दिवशी दरडावून सांगितलं होतंत." ते लीनाजवळ वाकले. "घोडा सांभाळणारा सईस येऊन सांगतो, घोडा उठणार नाही. मग ज्यानं बटण दाबलं त्यानं मोठ्यानं म्हणायचं, 'नाही आला.' नुसतं मनात नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग थांबवायचं. वहीतही तेच लिहायचं. नाहीतर पुढच्या घोड्याला घड्याळ कुठून आणणार?"

सदाशिवरावांनी कठडा दोन्ही हातांनी धरला होता. "लीना," ते म्हणाले, "मला ठाऊक होतं, पोरी. माझीच जीभ उचलली नाही. संपायच्या आत येतो म्हणून मीच तुला सांगितलं होतं ना."

समोरून एक घोडा वाळू उडवीत गेला. तिने मला कानाशी नेले. माझ्यात काहीच वाजत नव्हते. मग तिने आईकडे पाहिले. सुनेत्राने मान हलवली, अगदी थोडी.

लीनाचे बोट बटणावर आले. चार वर्षे ते तिथे येत होते आणि परत जात होते. तिने समुद्राकडे तोंड केले आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, आजोबांच्या भाषेत म्हणाली,

"पापा नाही आले."