झुंबरबाईचा चौथा दात

मित्रांनो, दचकू नका. मी एक जुनी पक्कड आहे. खिळे उपटायची नव्हे, दात उपटायची! मला पाहिले की आष्टीच्या बाजारातले भले भले गडी गाल धरून दुसऱ्या वाटेने जात. याचा मला फार गर्व होता. तो कसा उतरला, ते आज सांगते.

जालन्याच्या एका लोहाराने मला बैलगाडीच्या चाकाच्या जुन्या लोखंडी धावेपासून घडवले. पुढे मी कडूबाच्या हाती आले. कडूबा आठवडी बाजारात लिंबाखाली लाल फडके अंथरून बसे. मिठाचे पाणी, लवंगेचे तेल आणि मी, एवढाच आमचा संसार. माणसाने बोट दाखवले की तो दात माझ्या तोंडात आणि एका हिसक्यात बाहेर! दात खरेच किडला आहे की नाही, हे पाहण्याच्या भानगडीत आम्ही पडत नव्हतो. लोक वाहवा करत. वाहवा ऐकून माणूस फुगतो, तसे लोखंडही फुगते.

आमच्या समोरच झुंबरबाई मिरच्या विकायची. बौद्धवाड्यातली ही बाई अशी खणखणीत हाक मारायची की बाजाराच्या दुसऱ्या टोकाचे गिऱ्हाईक वळून बघे. सन चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात एकदा वाऱ्याची झुळूक आली आणि तिची हाक अर्ध्यातच तुटली. उजव्या गालात विजेचा झटका बसावा तशी कळ आली आणि गेली. मग ती कळ रोजच येऊ लागली. तोंड धुतले की कळ, घास चावला की कळ, बोलायला तोंड उघडले की कळ. झुंबरबाई मुकी झाली. मिरच्या पुढे ठेवून ती नुसती बसून राही. "मिरचीवालीलाच मिरची लागली," म्हणून लोक हसत.

ती आमच्याकडे आली. कडूबाने एक दाढ काढली. पुढच्या बाजारी दुसरी. त्याच्या पुढच्या बाजारी तिसरी. दुखणे जागच्या जागी!

चौथ्या बाजारी ती पुन्हा फडक्यावर बसली. कडूबाने मला उचलले, तोच तिने हात आडवा धरला.

"थांब कडूबा. आधी किडा दाखव."

"कंचा किडा?"

तिने पदराची गाठ सोडली. आम्ही काढलेल्या तिन्ही दाढा तिने जपून ठेवल्या होत्या. त्या तिने फडक्यावर मांडल्या. पांढऱ्या, घट्ट, बिनभोकाच्या.

"हुडक की! कुठं हाय भोक?" ओठ हलू न देता ती बोलत होती. डोळ्यांतून पाणी येत होते, तरी बोलत होती. "जिथं आता दातच न्हाई, तिथंबी दुखून राह्यलं. मंग दाताचं काय चुकलं?"

कडूबा एकेक दाढ उलटसुलट करून पाहू लागला. तेवढ्यात शेजारचा चहावाला अप्पाराव मध्ये पचकला, "ढोंग करून राह्यली बाई. कामाचा कंटाळा, दुसरं काय!"

"कळ उसनी देता आली असती ना, तर आधी तुला दिली असती," झुंबरबाई म्हणाली आणि कडूबाकडे वळली. "उद्या माझ्यासंग जालन्याला चल. दाढा तू काढल्या, तूच डाक्टरला सांग."

कडूबाने पुष्कळ आढेवेढे घेतले. पण सगळ्या बाजाराने त्या दाढा पाहिल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी परतूरहून आम्ही रेल्वेत बसलो. खिडकीचा वारा लागू नये म्हणून ती पदराचा आडोसा धरून बसली होती. मी कडूबाच्या बंडीच्या खिशात होते.

जालन्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्याकडे न पाहता कडूबाला विचारले, "काय होतंय हिला?"

"दुखणं मला हाय सायब," ती म्हणाली. "त्याला काय इचारता? मला इचारा."

डॉक्टर जरा चमकले. त्यांनी तिचे तोंड पाहिले आणि म्हणाले, "आणखी एक दाढ काढून बघू."

"न्हाई. बिलकुल न्हाई." तिने गाठ सोडून तिन्ही दाढा टेबलावर ठेवल्या.

कडूबा खाली मान घालून म्हणाला, "सायब, तिन्ही चांगल्या व्हत्या. मी बघितलंच न्हाई." मित्रांनो, खिशात मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"मग नेमकं कुठं दुखतं? बोट लावून दाखव," डॉक्टर म्हणाले.

बोट कसे लावणार? नुसत्या स्पर्शानेही कळ उठायची! झुंबरबाईने क्षणभर विचार केला आणि कडूबाच्या खिशातून मलाच बाहेर काढले. कडूबाने घाबरून तोंड गच्च मिटले. तिने माझे टोक त्याच्या गालावर हळूच टेकवले आणि फिरवत नेले.

"हितून निघती, नाकाच्या कडंनं. मंग व्हटाला येती. हितं कानाम्होरं थांबती. बराबर याच वाटंनं. डाव्या अंगाला कधीच न्हाई."

डॉक्टरांनी आता खुर्ची जवळ ओढली आणि तिलाच एकेक गोष्ट विचारली. कधी येते, किती वेळ राहते, कशाने येते. शेवटी ते म्हणाले, "बाई, हे दाताचं नाही. चेहऱ्याच्या शिरेचं दुखणं आहे." त्यांनी गोळ्या दिल्या.

दुखणे मुळापासून गेले, असे खोटे मी सांगणार नाही. गोळ्यांनी तिला चक्कर येऊ लागली, तेव्हा ती पुन्हा जालन्याला गेली. "थोडं सहन कर," असे ऐकल्यावर म्हणाली, "सहन तर करूनच राह्यले, इलाज सांगा." मग डॉक्टरांनी गोळी कमी करून हळूहळू वाढवली. आता ती कोमट पाण्याने तोंड धुते, डाव्या बाजूने चावते, वाऱ्याकडे पाठ करून दुकान मांडते. कळ अजूनही मधूनच येते. ती हाक थांबवते, कळ जाऊ देते आणि तीच हाक पुढे पुरी करते.

कडूबा आता दात नीट पाहिल्याशिवाय मला हात लावत नाही. पुष्कळांना तो सरळ दवाखान्यात धाडतो. मी बहुतेक वेळ फडक्यावर नुसती पडून असते, थोडी गंजलेही आहे. मला तेल लावा, असे मी म्हणणार नाही. मित्रांनो, तुमचे दुखणे तुम्हीच सांगा. कोणी हसले तरी सांगा, ऐकले नाही तर पुन्हा सांगा.

मी शेकडो दात काढले, त्यातला एकही आता मला आठवत नाही. पण दर बाजारी समोर बसून झुंबरबाई भाकरी मोडते, माझ्याकडे बघते आणि मला न मिळालेला तो चौथा दात दाखवून हसते.