लेनच्या मधोमध

घरातली धाकटी सून दातांच्या कवळ्या बनवण्याच्या वर्कशॉपमध्ये कामाला होती. दुसऱ्यांचे दात डब्यात घालून सायकलवरून दवाखान्यांत पोचवायचे, हे तिचं काम. पण एक दिवस मोठ्या चौकात एक गाडी वळताना तिला घासून गेली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. सायकल सोडायची म्हणजे नोकरीही सोडायची, आणि ती तिला जिवापाड आवडायची.

तिची थोरली नणंद निवृत्त बसड्रायव्हर. बाई तोंडाने फटकळ. भावजयीने पोळी उलटली तरी "आधी मागे बघ" म्हणणाऱ्या.

"सरळ जायचं होतं ना तुला? मग डावीकडे वळायच्या लेनमध्ये काय करत होतीस?"

"कडेकडेनं चालले होते, वन्सं. कुणाच्या मध्ये नको यायला."

"मध्येच यायचं! कडेला असलीस की वळणाऱ्याला वाटतं, हीपण वळणार. आणि उंच गाडीतून कडेचं माणूस दिसतच नाही, जन्म गेलाय माझा त्या सीटवर. चौकाच्या बरंच आधी मागे बघ, हात दाखव, सरळच्या लेनमध्ये ये आणि मधोमध राहा."

सांगणं सोपं होतं. पण धाकटीचं आयुष्य इतरांना वाट देण्यात गेलेलं. मग वन्सं रोज सकाळी स्कूटरवरून तिच्या मागे निघू लागल्या आणि मुद्दाम हॉर्न वाजवू लागल्या. ती कडेला सरकली की ओरडायच्या, "पुन्हा मध्ये ये!" धाकटी दातओठ खायची. दातांचा तिच्याकडे तुटवडा नव्हताच.

एका दुपारी त्याच चौकात ती सरळच्या लेनमध्ये मधोमध उभी होती. सिग्नल हिरवा झाला आणि मागून कर्कश हॉर्न वाजला. हात हँडल कडेला वळवू पाहत होते. "वन्संच आहेत," असं मनाशी म्हणत ती सरळ निघाली. शेजारच्या लेनमधला ट्रक डावीकडे वळला. त्याची मागची चाकं फूटपाथची कड चेपत गेली, आजवर ती जिथून जायची अगदी तिथून. मागचा हॉर्न गप्प झाला.

दात पोचवून ती तडक वन्संच्या घरी गेली. सगळं सांगितलं आणि त्यांचे हात धरून रडू लागली.

"तुमच्यामुळे जिवंत आहे हो मी. आणि तुमच्या त्या हॉर्नचा किती राग यायचा मला!"

वन्संचा फटकळपणा कुठल्या कुठे गेला. बराच वेळ त्यांनी हात सोडवून घेतले नाहीत.

"येऊ दे की राग," त्या म्हणाल्या. "रागवायला तू समोर आहेस ना, मला सगळं मिळालं."