डाव्या तळहाताचा पट्टा

हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा मी रुकय्याच्या शिवणाच्या टोपलीत होतो. मुस्तफाने ऐकून घेतलं, "हां, येतो," एवढंच म्हणाला आणि तिथेच फरशीवर बसला. त्याची बायको रुकय्या गेली, हे मला असं कळलं.

मित्रांनो, मी चामड्याचा एक जुना पट्टा आहे. शिडं शिवणारे खलाशी असा पट्टा तळहाताला बांधत. माझ्यात एक लोखंडी चकती आहे. तिच्यावर दाभण टेकवून जाड कापडात रेटायचं, म्हणजे हाताला भोक पडत नाही. एका खलाशाने मला जहाजावरच, स्वतःच्या हाताच्या मापाने बनवलं. पुढे तो गेला, शिडंही गेली. मी कुवेतच्या जुन्या बाजारात गंजक्या कुलपांमध्ये पडून राहिलो.

मुस्तफाला जहाजांवरच्या जुन्या वस्तू जमवायचा नाद. कुवेतच्या रुमैथिया भागातल्या घरात त्याने होकायंत्रं, दुर्बिणी, वाळूची घड्याळं काचेच्या कपाटात मांडली आहेत. मला घरी आणून त्याने उजव्या हातात घालून पाहिलं.

"चामडं आकसलंय."

"आकसलं कुठं? डावखुऱ्याचा आहे तो. इकडे द्या," रुकय्या म्हणाली. ती डावखुरी होती. मी तिच्या हातात बरोबर बसलो.

"अगं, ही वापरायची वस्तू नाही. कपाटात ठेवायची."

"तुमच्या कपाटात मुडदे काय कमी आहेत?"

तिने मला खोबरेल लावलं आणि कामाला घेतलं. तिचा भाऊ अफताब कुवेतच्या दक्षिणेला, वफ्र्याच्या शेतावर मजुरी करतो. तिथली माणसं दुपारी उघड्यावर जेवतात. त्यांच्यासाठी ती कॅनव्हासचं मोठं छत शिवायला बसली. तीन कडा झाल्या आणि ती आजारी पडली.

ती गेल्यावर, उन्हाळा लागताना अफताब आला.

"दुल्हाभाई, तो पट्टा द्या. मीपण डावखुराच. राहिलेलं मी शिवतो. एक कड सुटी आहे, छत ताणता येत नाही."

"बाजारातून दुसरा घे."

"डाव्या हाताचा कुठं मिळतो?"

मुस्तफाने मला टोपलीतून उचलून मुठीत धरलं. मग म्हणाला, "तिचा हात होता यात. नाही देणार."

अफताबने चहा अर्धा ठेवला आणि गेला.

तेव्हापासून मी कपाटात आहे. मला तेल लागत नाही. एसीच्या कोरड्या हवेत माझ्या अंगठ्याच्या भोकापाशी चीर गेली आहे. कधीकधी मुस्तफा मला बाहेर काढतो, चेहऱ्याला लावतो, परत ठेवून कुलूप घालतो. आता माझ्यात तिचा वासही उरलेला नाही. तो त्याला येतो की काय, मला माहीत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणाची मागे राहिलेली वस्तू असेल, तर ती वापरा. चामडं हातात राहिलं तरच टिकतं.

छत मुस्तफाच्या खाटेखाली घडी घालून ठेवलं आहे. त्याची चौथी कड शिवायची राहिली आहे.