डब्यातली देवी

"लागला! लाल लागला!" सिल्वासाजवळ, रांधा गावाच्या रस्त्यावरच्या कामगार चाळीत एकच गलका उठला. बायका हात जोडून उभ्या, पुरुष कंपनीचे कपडे न बदलताच आलेले, आणि सगळ्यांच्या नजरा खांबावरच्या एका प्लास्टिकच्या डब्यावर. डब्याला झेंडूची माळ, कुंकवाची बोटं आणि मधोमध पेटलेला लाल दिवा. समोर अंगारनाथ महाराज एका हातात धुपाटणं, दुसऱ्यात मोरपिसांचा कुंचा घेऊन डोळे गरगरा फिरवत होते.

गर्दीच्या कडेला मंजुषा उभी होती. ही देवी तिनेच बनवली होती.

ती सिल्वासातल्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकत होती. कारखान्यांजवळच्या वस्तीत हवा किती बिघडते, ते मोजायचा तिचा प्रकल्प. डब्यात एक मायक्रोकंट्रोलर आणि धूर ओळखणारा सेन्सर. हवा बरी असली की हिरवा दिवा, बिघडली की लाल. डबा खांबावर लागला आणि पाठोपाठ दसरा आला. तिचे वडील लखन कंपनीत फिटर. दसऱ्याला कंपनीतल्या प्रत्येक मशीनला हळदकुंकू लागतं, मग घरच्या मशीनने काय घोडं मारलं होतं? त्यांनी माळ घातली, उदबत्ती ओवाळली आणि लाल दिवा लागला. लोकांनी हात जोडले. मंजुषाला हसू आलं. तेव्हाच बोलायला हवं होतं, पण ती आकडे बघण्यात गुंग होती. थोड्याच दिवसांत महाराज वास काढत हजर झाले.

मग ती घरोघर समजावत फिरली. "तू नुसता डबा बनवला, बाई," बायका म्हणाल्या. "आत कोण येऊन बसलं ते तुला काय ठाऊक?" डबा काढून न्यावा, तर उद्या चाळीतल्या प्रत्येक शिंकेचं खापर तिच्या घरावर फुटणार. तिला अन्न गोड लागेना, अभ्यासात लक्ष लागेना. संध्याकाळी महाराजांचा शंख वाजला की ती दारापर्यंत जायची आणि परत फिरायची.

आज मात्र तिला परत फिरता येईना. आज डब्यासमोर स्टुलावर गुड्डी बसली होती, शेजारच्या पुतळाबाईंची लहानगी. गुड्डीला दमा होता, आणि डॉक्टरांनी दिलेला श्वासाचा पंप महाराजांनी बंद करवला होता.

"देखो, देखो!" महाराजांनी धुपाटणं डब्याखाली नाचवलं. "पोरीच्या छातीतला दोष माय खेचून काढतेय! जितका दोष जहरी, तितका दिवा लाल! डाक्टरला दिसला होता का हा? तो फक्त 'जीभ दाखव' म्हणतो! माय आतडी बघते, आतडी!"

मग धुपाटणं मागे गेलं आणि कुंचा सपासप फिरला. दिवा हिरवा झाला.

"गेला! दम मोकळा झाला!"

टाळ्या पडल्या. मंजुषा गुड्डीकडे बघत होती. पोरीचे खांदे वरखाली होत होते, गळ्याखालची खळगी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. छातीतून शिट्टी ऐकू येत होती.

"काकू, पंप द्या तिला! लवकर!"

पुतळाबाईंनी डब्याकडे पाहिलं. "अगं, पण हिरवा लागला ना. महाराज म्हणले, आता पंप दिला तर दोष उलटा फिरंल."

मंजुषाचं टाळकंच सरकलं. तिने गुड्डीला उचलून धुराबाहेर ओट्याच्या कडेला नेऊन बसवलं, परत येऊन महाराजांच्या हातातलं धुपाटणं हिसकावलं आणि डब्याखाली धरलं. दिवा लाल.

"आता कोणाचा दोष निघाला? स्टुलाचा?"

"धूप माझा सिद्ध केलेला आहे!" महाराज कडाडले. "पोरी, माय कोपेल!"

गर्दीतून लखन पुढे आले. त्यांनी मुलीच्या हातातलं धुपाटणं दूर नेऊन ठेवलं, महाराजांचाच कुंचा घेऊन वारा घातला. दिवा हिरवा झाल्यावर खिशातली बिडी पेटवली आणि एक झुरका मारून धूर डब्यावर सोडला. दिवा पुन्हा लाल.

"माझी बिडी बी सिद्ध केलेली का, महाराज?"

मागून कोणीतरी खो खो हसलं. पुतळाबाई मात्र आता दिव्याकडे बघत नव्हत्या. त्या धावत लेकीजवळ गेल्या आणि कमरेला खोचलेला पंप त्यांनी बाहेर काढला. महाराजांच्या शब्दावर पंप बंद केला होता, पण तो दूर ठेवायची त्या आईची छाती झाली नव्हती.

औषध आत गेलं. हळूहळू शिट्टी बारीक झाली. "आई, पाणी," गुड्डी म्हणाली, तेव्हा पुतळाबाईंना रडू फुटलं. लखननी रिक्षा आणली आणि मायलेकींना दवाखान्यात नेलं. तेवढ्यात महाराज झोळीसकट नाहीसे झाले. शंख तेवढा राहिला.

दुसऱ्या दिवशी मंजुषाने माळ उतरवून डबा सगळ्यांसमोर उघडला. आत सेन्सरची बटणाएवढी जाळीची टोपी होती. "एवढीच ही देवी. हिला माणूस कळत नाही, दोष कळत नाही. फक्त धूर कळतो. उदबत्तीचा, बिडीचा, महाराजांचा. आजार डॉक्टरला दाखवा. आणि दिवा लाल झाला तर हात जोडू नका, धूर कुठून आला ते शोधा."

तिने डबा बंद करून पुन्हा खांबावर लावला. बायका पांगायला लागल्या आणि दिवा आपोआप लाल झाला. उदबत्ती नव्हती, बिडी नव्हती. सवयीने दोघीतिघींचे हात जुळायला निघाले.

पुतळाबाईंनी गुड्डीच्या नाकावर पदर धरला आणि रस्त्यापलीकडच्या उंच भिंतीकडे पाहिलं. भिंतीमागच्या धुराड्यातून करडा लोट चाळीकडे वळत होता.

"मंजुषा," त्या म्हणाल्या, "या धुराचं कोणाला विचारायचं असतं गं?"