खुंटांची खूण

दोन जाळी, दोरांची चार वेटोळी, सात पिंपं. वेसाव्याच्या धक्क्यावर धर्मानं होडीतलं सगळं पुन्हा एकदा मोजलं आणि सुकाणूवरचा हात काढून पुतण्याला म्हणाला,

"बस."

बळवंत बसला. इंजिन धडधडलं आणि होडी खाडीबाहेर पडली.

गेल्या महिन्याभरात धर्मानं होडी त्याच्या हवाली केली होती, मच्छीमार सोसायटीच्या कागदावरून स्वतःचं नाव काढलं होतं आणि पंचांच्या बैठकीत उभं राहून आपली जागा सोडली होती. त्याला मुलगा नव्हता. आता एकच गोष्ट त्याच्याजवळ उरली होती. डोल जाळं ज्या खुंटांना बांधायचं, ते समुद्राच्या तळाशी रोवलेले. वरून नुसतं पाणी. देवळाचा कळस आणि मागचे ताड एका रेषेत आले, शिवाय डावीकडचा खडक मढच्या टेकडीआड गेला, की बरोबर खाली खुंट. बापानं त्याला दिलेली ही खूण तो आज देणार होता.

"काकी काय म्हणाली?" बळवंतनं विचारलं.

"म्हणाली, सगळं देऊन टाकलंस, आता मला कुणाला देतोस?"

मार्गशीर्षातल्या धुक्यानं किनारा पुसून टाकला होता. होडी पुढं जातेय की धुकं मागं सरकतंय, ते कळत नव्हतं. धर्मा पुढच्या टोकाला उभा राहून देऊळ शोधत होता. डोळ्यांवर हात धरला, काढला, पुन्हा धरला.

इंजिन बंद झालं.

"इथं का थांबवलीस रे?"

"खुंट हायत खाली."

"कळस दिसतो तुला?"

"कळस नाय बघत मी." बळवंतनं हनुवटीनं दाखवलं. धुक्याच्या वर अंधेरीच्या नव्या इमारतीवरची पाण्याची टाकी एकटीच तरंगत होती, तिच्यामागं दूरच्या डोंगराचं शिखर. "ती दोन एका रेषेत, आणि मढच्या टेकडीचा माथा बरोबर डाव्या हाताला. दोन वर्सं झाली, असाच येतो. तुझा डोळा लागायचा तेव्हा."

"मग बोलला का नाहीस?"

"तुला द्यायची होती ना."

धर्मा टाकीकडे बघत राहिला. मग त्यानं दोरीला बांधलेलं शिसं पाण्यात सोडलं. ते तळाला टेकल्यावर त्यानं दोरी वर ओढली आणि दोन्ही हात पसरून मोजली. हात पसरले की एक वाव. नऊ भरली. अशा पुऱ्या भरतीला खुंटांवर त्याच्या हातांनी नेहमी नऊच भरायची.

त्यानं ओली दोरी बळवंतकडे दिली.

"आता तू मोज."

बळवंत त्याच्याहून चार-पाच बोटं उंच. तीच दोरी त्याच्या हातांनी साडेआठ वाव भरली.