बटण म्हणे, नाव नाही

दाबा, दाबा. पण आधी ऐकून घ्या. मी एफ बोलतोय. बोदवडला स्टेशन रोडवर पंडितचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, तिथल्या कीबोर्डावरचं मधल्या ओळीतलं बटण. शाळा म्हणाल तर एका अक्षराची. तेही आता पुसलंय.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला, देव जाणे. जळगावच्या दुकानात वर्षभर खोक्यात पडून होतो. पंडितनं आणलं तेव्हा कोराकरकरीत होतो. आता बुडाशी शेवेचा चुरा आहे, त्यावर चहा सांडलाय, आणि पंडित म्हणतो, "हे बटण अडकतंय." अडकणार नाही तर काय नाचणार?

सुरुवातीला हा माणूस डोळ्यांनी वाचायचा. मग त्याला कुणीतरी शिकवलं, की कोपऱ्यातला कंट्रोल आणि मी, दोघांना एकदम दाबलं की वर एक चौकट उघडते. तीत नाव लिहायचं. पानावर असेल तिथे ते पिवळं होतं. झालं! पंडितचं वाचन संपलं. हल्ली लग्नपत्रिकेत स्वतःचं नाव शोधायलाही मलाच जुंपतो.

परवा अंगणवाडी मदतनिसांच्या निवडीची यादी लागली. जिचं नाव असेल तिनं त्याच दिवशी पाचच्या आत मूळ कागद जमा करायचे, नाहीतर जागा दुसरीला. सकाळपासून बायांची रीघ. पंडित आम्हाला दाबायचा, नाव लिहायचा, आणि मान न वळवता सांगायचा, "नाही. पुढची." अकरा बाया तशाच माघारी गेल्या.

आता खरं सांगतो. त्या यादीत अक्षरं नव्हतीच. कुठल्याशा साहेबाच्या ऑफिसात ती आधी कॉम्प्युटरवर टाइप केली, मग कागदावर छापली, सही-शिक्का मारला आणि मोबाइलनं तिरका फोटो काढून परत कॉम्प्युटरवर चढवली. शाबास! मला टाइप केलेली अक्षरं कळतात, फोटो नाही. केळीच्या घडाचा फोटो आणि यादीचा फोटो मला सारखाच.

चार वाजता नूतन आली, सोबत सासू बेबाबाई. पोरगी बारावी शिकलेली, तीन वर्षं या जागेवर डोळा लावून बसलेली.

"नाही," पंडित म्हणाला.

नूतनचं तोंड एवढंसं झालं. "चला आई."

"थांब व. भाऊ, तू वाचलं का?"

"मशीननं शोधलं ना आजी. मशीन खोटं बोलत नाही."

"मले वाचता येत नई, म्हनून तुह्याकडे आली. तुले येते ना? मंग वाच ना डोयानं!"

"एकशे चाळीस नावं आहेत!"

"मंग? कापूस काय आम्ही बटन दाबून येचतो?"

पंडितनं नाक मुरडलं. शेवटी नूतनच वाकली आणि पडद्यावर बोट ठेवून खाली खाली सरकत गेली. सत्तराव्या नंबरावर बोट थांबलं. निम्मं नाव शिक्क्याखाली, पण तिचंच.

"माय व!" म्हणत ती कागदांची पिशवी घेऊन पळालीच. पाचाला दहा कमी असताना तिचे कागद जमा झाले.

इकडे नूतन पळाली तरी बेबाबाई हलली नाही. स्टुलावर बसून राहिली. "सकायपासून कितीक बायाइले नई म्हटलं रे?"

"अकरा," पंडित पुटपुटला.

"वही काढ. अन् लाव फोन."

वहीत सगळ्यांचे नंबर होते. आता मात्र पंडितनं डोळ्यांनी वाचली यादी. अकरापैकी पाच जणींची नावं निघाली. चौघी कशाबशा पोचल्या, एक तर रिक्षाला लोंबकळत. पाचवी लताबाई. तिचा फोन बंद होता. पाच वाजले.

काल लताबाई दुकानात आली होती. "भाऊ, पुढची यादी कधी लागते?" तिनं विचारलं. पंडितनं खाली बघत सांगितलं, "लागेल की." एवढंच.

मला दाबायला माझी ना नाही. पण मी फक्त 'सापडलं नाही' म्हणतो. 'नाव नाही' हे तुम्ही म्हणता, आणि खापर माझ्यावर फोडता.

हुकलेल्या जागेबद्दल तक्रार करायला अजून आठ दिवस आहेत. पंडित तोंड उघडणार नाही. तुमच्यापैकी कुणीतरी लताबाईला सांगा. तिची अजून समजूत आहे, तिला कुणी निवडलंच नव्हतं.