केशरी आमिष

माझा मेहुणा व्हर्लन याला मासे पकडता येत नाहीत, पण ते कसे पकडावेत हे तो इंटरनेटवर लोकांना शिकवतो. आमच्या टेनेसीत असले गुरुजी पैशाला पासरी.

ऑक्टोबरातला शनिवार होता. माझे सासरे एमॉस यांना वसंतात अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात गेला, जीभ जड झाली. उन्हाळाभर आमच्या अंगणात त्यांनी डाव्या हाताने गळ फेकायचा सराव केला. आता पहिल्यांदाच तलावावर निघाले होते, आणि व्हर्लन हट्टाने त्यांना आपल्या चकचकीत नावेत घेऊन गेला. सोबतीला मी. व्हर्लनच्या छातीवर कॅमेरा.

ओढा तलावाला मिळतो तिथे बोटभर शॅड मासळी पाण्यावर उडत होती आणि खालून बास जातीचे मोठे मासे तिच्यावर तुटून पडत होते. सासऱ्यांच्या गळाच्या दोरीला पांढरं नकली आमिष होतं, हुबेहूब त्या मासळीसारखं चमकणारं. सकाळी दातात दोरी धरून त्यांनी ते स्वतः बांधलं होतं.

व्हर्लनने पकडीने ते कापून टाकलं.

"राहू दे," सासरे म्हणाले. पण तो शब्द तोंडातून निघेपर्यंत पांढरं आमिष आमिषांच्या डब्यात गेलेलं.

"बाबा, ते जुनं झालं. पानगळीत झाडं केशरी होतात, म्हणून आमिषही केशरी हवं. मासा ऋतू ओळखतो."

"मासा पानं खातो का रे?" मी विचारलं.

"दाजी, तुम्ही माझे व्हिडिओ बघत नाही," तो कीव केल्यासारखा म्हणाला.

केशरीला काही लागलं नाही. मग तांबडं, मग ठिपक्यांचं. दर थोड्या वेळाने तो आमिष बदलायला म्हाताऱ्याच्या हातून गळाची काठी ओढून घ्यायचा, लहान मुलाचं नाक पुसावं तसं. शेवटी तो नावेच्या टोकाला जाऊन कॅमेऱ्याशी बोलत बसला. सासऱ्यांनी पायाने डबा माझ्याकडे सरकवला. मी पांढरं आमिष बांधून दिलं.

फेक वाकडी गेली, बुडालेल्या ओंडक्याशी पडली, आणि दोरी ताणली गेली. काठी गुडघ्यांत दाबून ते डाव्या हाताने रीळ फिरवत राहिले. मानेच्या शिरा फुगल्या. मी जाळी लावायला गेलो तर मान हलवून थांब म्हणाले. अगदी नावेपाशी आल्यावर लावू दिली. चांगला दांडगा बास होता. म्हातारा हसला, तेही अर्ध्याच तोंडाने.

व्हर्लन धावत आला, मासा उचलला, त्याच्या तोंडातलं पांढरं आमिष काढून खिशात टाकलं आणि केशरी अडकवायला लागला.

"काय करतोस?" मी म्हटलं.

"लोकांना गोंधळात नको टाकायला."

"दे इकडे," सासरे म्हणाले.

बापलेकांचा फोटो होणार, असं त्याला वाटलं. त्याने मासा दिला. सासऱ्यांनी तो छातीशी धरून नावेच्या कडेपर्यंत नेला आणि पाण्यात सोडला.

"बाबा, अहो, चित्रीकरण राहिलं ना."

"काठावर सोड मला," सासरे एकेक शब्द जुळवत म्हणाले. "तुझ्या नावेत मला बसायचं नाही."

व्हर्लन हसला. ते दमले असतील, असं मला म्हणाला.

रात्रीच्या जेवणाला आमच्याकडे मक्याची भाकरी आणि घेवडा होता. बायकोने भावाचा फोन घेतला. वडिलांचं डोकं अजून ठिकाणावर नाही, डॉक्टरला दाखवा, असं तो सांगत होता. तिने फोनवर हात ठेवून विचारलं, "बाबा, बोलता का त्याच्याशी?"

सासऱ्यांनी घेवड्यात भाकरी बुडवली.

"झोपलोय म्हणून सांग."